चार वॉटचा भूप

माझ्याकडे सव्वादोनशे सीडी आहेत आणि त्या वाजवायला प्लेअर नाही. तेव्हा सगळ्या फ्लॅक प्रकारच्या फाइलींमध्ये उतरवून घरातच सर्व्हर मांडायचा, म्हणजे स्वयंपाकघरात किशोरीताई आणि गॅलरीत भीमसेनजी एकाच वेळी गातील, असा बेत मी आखला. (दोघांनी एकाच वेळी गावं अशी घरात कोणाचीही मागणी नव्हती.)

माळ्यावर जुना डेस्कटॉप होता. तो सुरू केला, तशा शेजारच्या काकू डोकावल्या. "गिरणी टाकलीत का?" त्याच्या पंख्याच्या आवाजाचं एक वेळ सोडा, मी वॉटमीटर लावला तर आकडा ७८! दिवसरात्र चालला तर महिन्याला ५६ युनिट. आमचं बिल १०० युनिटांच्या आत राहतं ते केवळ हिच्या काटकसरीमुळे. वरच्या दराच्या टप्प्यात नेणारा हा गवई मी निमूटपणे पुन्हा माळ्यावर चढवला.

मग रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला संगणक घेतला. पत्त्याच्या पानाएवढा. त्यावर नॅव्हिड्रोम हे गाण्यांच्या सर्व्हरचं मोफत सॉफ्टवेअर चढवलं. मीटरवर आकडा चार! महिन्याचे तीन युनिटही नाहीत. आल्यागेल्याला मी तो आकडा दाखवू लागलो. पाहुणे "वा!" म्हणायचे. गाणं लावा असं कोणी म्हणालं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लागतो. घरात मोबाइलचे चार्जर डबाभर पडलेले असताना तो विकत घेणं माझ्या जिवावर आलं. परिणामी किशोरीताई समेच्या दोन मात्रा अलीकडे आल्या, की यूएसबीवरची डिस्क मान टाकायची. भूप अधांतरी. आठवडाभर एकही सम न ऐकता मी पैसे वाचवले. शेवटी अ‍ॅडाप्टर आणला, तर त्याच संध्याकाळी वीज गेली आणि मेमरी कार्ड बिघडलं. म्हणून यूपीएस घेतला. त्यालाही मीटर लावला. चार वॉटची राखण करायला तो स्वतः चौदा वॉट खात होता!

हिने काही न बोलता मीटर माझ्या हातून घेतला आणि टीव्हीपाशी गेली. टीव्ही बंद, सेट टॉप बॉक्सवर नुसता लाल दिवा. अकरा वॉट.

"आणि हा काय गातोय?"

तेव्हापासून झोपण्यापूर्वी ती घरातलं एकेक बटण भिंतीवरूनच बंद करते. काल त्यात यूपीएसचंही बटण गेलं. तो अंधारात टीं टीं करू लागला, म्हणून तिने त्याचाही गळा दाबला.

आज दुसरं कार्ड आणलंय.