गाडीवाले सर

जिवती तालुक्यात नोकरी डोंगरावर आणि बिऱ्हाड डोंगराखाली, अशी बऱ्याच जणांची विभागणी असते. मुख्यालयी राहा, असा आदेश वरून अधूनमधून निघतो. त्याच्या प्रती थेट गडचांदूरलाच वाटल्या तरी चालतील, वाचणारे सगळे तिथंच सापडतात. सकाळी पाठीमागे सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या आणि समोर माणिकगडचा डोंगर ठेवून गाड्या सुटतात, घाट चढतात आणि पाटण, शेणगाव, टेकामांडव्याकडे पांगतात. ह्याला अपडाऊन म्हणतात. अपडाऊनच्या प्रत्येक टोळीत एक गृहस्थ असतातच. गाडीवाले सर.

ज्यांच्याकडे गाडी आहे ते गाडीवाले सर, इतकं ते सोपं नाही. गाडी इतर सरांकडेही असते, पण ती कव्हर घालून दारात उभी असते आणि लग्नकार्यापुरती निघते. रोजच्या घाटात जो स्वतःची गाडी घालतो आणि वर चौघांना बसवून घेतो, तो खरा गाडीवाला. मग त्याचं मूळ नाव हळूहळू पुसलं जातं. केंद्रप्रमुखही बैठकीत आधी विचारतात, “गाडीवाले सर आले का?” ते आले म्हणजे चार शाळा आल्या.

सरांचे वडील बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे लातूरकडून बैलगाडीनं ह्या डोंगरावर आले. असे पुष्कळजण आले. त्यामुळे जिवतीत मराठवाडी बोली आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, बंजारा तांड्यांची गोरमाटी आहे, पलीकडची तेलुगू आहे आणि चंद्रपूरची वऱ्हाडीही आहे. सरांच्या तोंडी मात्र वडिलांकडून आलेला एक शब्द घट्ट बसला आहे : “चालतंय की.” शाळेचं छप्पर गळतंय? चालतंय की. शिष्यवृत्तीची यादी रखडली? चालतंय की. वडिलांचं ह्या शब्दावर भागलं, कारण बैलगाडीला टायमिंग चेन नव्हती.

सरांच्या गाडीला आहे. गाडी डिझेलची, बारा-तेरा वर्षांची. आत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. २००७ साली ते डिझेल स्विफ्टमधून आपल्याकडे आलं आणि मग डिझायरमध्ये गेलं, रिट्झमध्ये गेलं, टाटांच्या इंडिका व्हिस्टात गेलं, फियाटच्या स्वतःच्या पुंटोत तर होतंच. इतक्या कंपन्यांच्या बॉनेटखाली ते सापडायला लागलं की गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणून टाकलं. २०२० साली बीएस-६ चे नियम आले आणि नव्या गाड्यांतून ते गेलं. सरांना ह्या इतिहासाचा फार अभिमान. “आपलं इंजिन राष्ट्रीय आहे,” असं ते सांगतात तेव्हा गाडीचं ऑइल बदलणं हे केंद्र सरकारचं काम असावं असा त्यांचा सूर असतो.

सरांचा हिशेब चोख. डॅशबोर्डच्या खणात दोनशे पानी वही आहे. डिझेल किती टाकलं, ॲव्हरेज किती पडलं, कोणत्या मॅडम कोणत्या तारखेला रजेवर होत्या, सगळं त्यात. वर्गणी महिन्याच्या पाच तारखेच्या आत. तिला भाडं म्हणायचं नाही. “पांढरी पाटी आहे. भाडं म्हणलं की आरटीओ उभा राहतो. ही डिझेलची वाटणी.” पंक्चर वाटणीत येतं. वायपरचं रबर येतं. डिसेंबरात बॅटरी बसली तेव्हा तीही बरीच चर्चा होऊन वाटणीत आली. पण टायमिंग चेन वाटणीत बसत नाही. ती मालकाच्या खिशातून जाते. सरांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा उगम ह्या एका नोंदीत आहे, असं माझं मत आहे.

चेनचं प्रकरण थंडीत सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की इंजिनाच्या एका अंगानं खर्रर्र असा आवाज यायचा. दोन-तीन सेकंद, मग बंद. सरांनी पहिल्या दिवशी त्याला थंडी म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात डिझेलमधली भेसळ म्हटलं. पुढं त्यांनी एक साधा शास्त्रीय उपाय शोधला : सेल्फच्या आधी टेपचं बटण दाबायचं. भीमगीतं असोत की भजनं, पहिल्या ओळीच्या आत आवाज संपलेला असायचा.

सरांना कळत नव्हतं असं कुणी समजू नये. गाडीवाल्या सरांची खरी गंमत हीच की त्यांना सगळं कळतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी आम्हाला फळ्यावर चेन काढून दाखवली, आणि इतकी स्पष्ट काढली की सातवीची दोन मुलंही वहीत उतरवून घेऊ लागली. खाली क्रँक, वर कॅम, मधे चेन. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. पिस्टन वर यायच्या आत व्हॉल्व्हनं बाजूला झालं पाहिजे, ही वेळ सांभाळणारी ती चेन. “लोक म्हणतात चेन ताणली. चूक. लोखंड ताणत नाही. कडीची पिन झिजते, बुश झिजतं. एका कडीत केसाएवढी फट, पण कड्या किती! सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. मग कॅम मागं पडतो, पिकअप मरतो.” झिजते कशानं? “काळ्या ऑइलनं. डिझेलची काजळी ऑइलमध्ये, आणि ऑइल कड्यांमध्ये.” आणि खर्रर्र कशानं? “टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो, सेल्फ मारला की दाब यायला वेळ लागतो, तेवढ्यात ढिली चेन पट्टीवर आपटते.” एका मॅडमनी विचारलं, “मग आपल्या गाडीतही तेच होतंय ना सर?” सरांनी फळा पुसला. म्हणाले, “आपलं चालतंय की.”

इथं चेनची बाजूही मांडली पाहिजे. बेल्टच्या गाडीत असे सर तयार होत नाहीत. मारुती ८०० ला बेल्ट होता. बेल्टचे किलोमीटर पुस्तकात छापलेले असतात. तेवढे झाले की तो बदलायचा, कारण तो न सांगता तुटतो. चेनला अशी तारीख नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनीपासून समज असाच की चेन म्हणजे इंजिनाच्या आयुष्याची सोबतीण. इंजिनाचं आयुष्य किती, हे कुणी सांगत नाही. शिवाय चेन तुटायच्या आधी महिनोन्महिने बोलते. जो बोलून दाखवतो त्याच्याकडे दुर्लक्ष करायला माणूस लवकर शिकतो. आमच्या शिक्षक संघटनेचा अनुभव ह्याहून वेगळा नाही.

गडचांदूरच्या मिस्त्रीला मात्र चेनचं बोलणं पहिल्या दिवशी ऐकू आलं. सर गेले होते हॉर्न दुरुस्तीला.

“सर, चेन बोलून राहिली ना.”

“थंडीचं आहे ते.”

“थंडीत बोलते तोवर ठीक आहे. ऑइल बदला, चांगलं टाका, काडीवर लेव्हल पाहात जा. पण गरम झाल्यावरबी स्लोमध्ये वाजली, तर मग थांबू नका. किती फिरली?”

“पावणेदोन लाख.”

“मीटर खोटं बोलत नसन तर बदलायच्या वयात आली. स्कॅनर लावून पाहू. क्रँक-कॅमचा मेळ नाही असा कोड आला, नाहीतर टेन्शनर पुरा बाहेर येऊन बसला असन, तर मंग विचारायचं कामच नाही. ऑइलमध्ये चुरा दिसला तरबी तेच. आणि बदलाचं तर पुरा सेट बदला, चेन, टेन्शनर, पट्ट्या, गिअर. नुसती नवी चेन जुन्या गिअरवर टाकाची नाही, गिअरचे दात तिलेबी खाते.”

“आणि नाही बदलली तर?”

“एक-दोन दात सुटते. व्हॉल्व्ह पिस्टनवर येते. मंग हेड उतरवा, व्हॉल्व्ह टाका, नशीब खराब असन तर पिस्टनबी.”

मिस्त्रीनं आकडा सांगितला. चेनचा आकडा आणि हेडचा आकडा ह्यांतला फरक इतका होता की पाचवीच्या मुलालाही वजाबाकी जमली असती. सर गणित शिकवतात. त्यांनी हॉर्न बसवून घेतला आणि निघाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी आम्हाला ऐकवलेला युक्तिवाद मी कधी विसरणार नाही. आमच्या तालुक्याच्या कडेला चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतं आमची. तिथल्या घरांत दोन राज्यांची रेशनकार्डं, दोन याद्यांत मतदान. मुळात हा सगळा राजुऱ्याचा मुलूखच असा फिरलेला : निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात, १९५६ साली तिथून नांदेडला, १९५९ साली नांदेडहून चांद्याला. सर म्हणाले, “एवढं मागंपुढं होऊन तालुका चालतोय. चौदा गावांत तर दोन-दोन सरकारं फिरतायत, एकाचाबी दात दुसऱ्यात बसत नाही. तरी चालतंय की. माझ्या चेनचा एक दात सरकला तर काय आभाळ पडतंय?” मागच्या सीटवर कुणालाच उत्तर सुचलं नाही. घाट होता, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं.

त्यात सरांना उताराचा नाद. आमच्या डोंगरावर सपाट जागा म्हणजे शाळेचं मैदान, तेही चुकून. बॅटरी वाचावी म्हणून ते गाडी उतारावर लावतात आणि सुट्टी झाली की ब्रेक सोडून, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतात. धडधड करून इंजिन उठतं. सर मागं वळून हसतात. ह्या खेळाचं वर्णन ऐकून मिस्त्रीनं कपाळाला हात लावला होता. टेन्शनरला ऑइलचा दाब मिळालेला नसताना ढिल्या चेनला असा झटका देणं म्हणजे तिला दात सोडायचं आमंत्रणच. हे आम्ही सरांना सांगितलं. तेव्हापासून क्लच सोडायच्या आधी ते ‘जय सेवा’ म्हणतात. आमच्यातले गोंड समाजातले सर ह्यावर नाराज आहेत. आमची जयघोषणा सेल्फच्या जागी वापरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

दुसऱ्याच्या गाडीजवळ मात्र सरांना बघावं. तिथं ते फार कडक. ग्रामसेवकांची दोन वर्षांची नवी गाडी पंचायतीसमोर सुरू झाली की सर मान तिरकी करून उभे राहतात, डोळे मिटतात, आणि निदान करतात : “चेन बघून घ्या. रिस्क घेऊ नका. लेकराबाळांची गाडी आहे.” एका नातेवाइकाला त्यांनी लाख किलोमीटरच्या आत, काही वाजत नसताना पूर्ण सेट बदलायला लावला. त्याचा खर्च किती झाला हे सांगताना सरांचा चेहरा कृतकृत्य असतो.

ऑइलबद्दल त्यांची मतं वेगळीच. पुस्तकात ठरावीक किलोमीटरला बदला असं लिहिलंय, ते शहरातल्या खोळंब्यासाठी. आपल्याकडे मोकळा रस्ता, शुद्ध हवा. खरं तर रोजचा चढ, पावसाळा संपताच उडणारी चुनखडीची धूळ आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा ताप, ह्या तिन्ही गोष्टी ऑइल आधी बदला असंच सांगणाऱ्या. पण ऑइल वाटणीत येत असूनही सर ते लांबवतात, हे मला बरेच दिवस कोडं होतं. नंतर उलगडलं. मिस्त्रीकडे ऑइल बदलायला गेलं की तो चेनचा विषय काढतो.

हळूहळू टोळीनं जुळवून घेतलं. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून एक मॅडम डब्यात दोन पोळ्या जास्त आणायला लागल्या. एक सर रोज मागून येणाऱ्या काळी-पिवळीचा चालक कोण आहे ह्याची खबर ठेवतात. मी चेनच्या बाजूला बसत नाही. काही फरक पडत नाही, हे मला ठाऊक आहे, तरी बसत नाही. एकदा आम्ही चौघांनी चेनच्या खर्चात निम्मा वाटा उचलायचा ठराव केला. सर गहिवरले. पैसे जमा झाले, वहीत नोंद झाली, आणि त्या पैशांतून गाडीला सीटकव्हर आणि मागचा कॅमेरा बसला. “मागं काय आहे ते दिसलं पाहिजे,” सर म्हणाले.

ह्या पावसाळ्यापासून आवाज गरम इंजिनालाही यायला लागला आहे. टेपचा आवाज जितका वाढवता येतो तितका वाढवून झाला. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, त्यावर सरांनी गणपतीचं छोटं स्टिकर चिकटवलं, त्यामुळे आता गणपती अधूनमधून उजळतो. आणि परवा बातमी आली की सर गाडी विकायला काढतायत. जाहिरातीत लिहिलंय : शिक्षकाची गाडी, एक हाती वापर, नियमित देखभाल, इंजिन राष्ट्रीय. गिऱ्हाइकाला ते दुपारी बोलावतात. त्याआधी घाटाखालपर्यंत एक फेरी मारून येतात, आणि दोन दिवसांपूर्वी त्यांनी जाड ऑइलही टाकून घेतलंय, आवाज दबावा म्हणून.

म्हणून राजुरा, कोरपना, जिवती ह्या पट्ट्यात कुणी जुनी डिझेल गाडी बघत असेल तर त्याला विनंती एवढीच. सकाळी सातला जा, न कळवता जा. आधी बॉनेटवर हात ठेवा, ते गार लागलं पाहिजे. टेप बंद करायला सांगा, मग सेल्फ मारायला सांगा. ‘आत्ताच दूध आणायला नेली होती’ असं उत्तर आलं तर चहा घ्या, निघा, आणि दुसऱ्या दिवशी सहाला जा.