वाचलेल्या आठ तासांचा सातबारा

समृद्धी महामार्गामुळे नागपूर-मुंबई प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर आला, हा अर्थतज्ज्ञांचा हिशेब बिनचूक मानला, तरी उरलेले आठ तास कोणाच्या नावावर चढले, याचा फेरफार महामार्गालगतच्या शेलूबाजारात अद्याप कोणी पाहिलेला नाही.

लाभ-खर्च विश्लेषण, म्हणजे प्रकल्पातून काय मिळेल आणि त्यासाठी काय मोजावे लागेल यांची रुपयांतली वजाबाकी, वाचलेल्या वेळेलाही किंमत लावते आणि ती बहुधा प्रवाशाच्या कमाईवरून ठरते. त्यामुळे मोटारीतल्या साहेबांचा तास पायलीने मोजला जातो आणि सोयाबीन निंदणाऱ्या बाईचा चिपट्याने. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर ताशी १२० च्या वेगाला मुभा आहे, दुचाकी आणि ट्रॅक्टरला मज्जाव आहे, आणि बैलगाडीचे तर नावच काढायला नको. ज्याच्या वावराचा एक तुकडा अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला, तो शेतकरी बैलजोडी हाकत रस्त्याखालच्या बोगद्यापर्यंत वळसा घालतो. हा वेळ त्या आठ तासांतून वजा करावा, तर तो महामार्गावर खर्चलेलाच नसतो, म्हणजे शास्त्रानुसार तो गेलेलाच नाही. उलट, मुंबईच्या वेशीवर कोंडीत अडकून साहेबांनी तोच वेळ उधळला, तरी जमेच्या रकान्यातले आठ तास जागचे हलत नाहीत.

समाजशास्त्रज्ञाचे काम खरे तर इथे सुरू व्हावे. सामाजिक परिणाम मूल्यांकन, म्हणजे जमीन घेण्याआधी तिथल्या माणसांचे काय होईल हे तपासणे, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. मात्र संमतीने थेट खरेदीखत झाले की हा सोपस्कार आडवा येत नाही. म्हणून समाजशास्त्रज्ञाला बोलावतात ते मांडव उतरल्यावर, पत्रिका जुळवायला. आणि तोही त्याच महामार्गाने येऊन, स्वतःचे काही तास वाचवून, पाचपैकी किती समाधानी आहात असे विचारून परततो. ज्या मजुराच्या नावे एक गुंठाही नाही, त्याच्या बुडालेल्या रोजीला कोणता दर लावला, हे तो विचारत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला; तरी ज्या घरात तो हक्क कधी कोणाला आठवला नाही, तिथे मोबदल्याचा आकडा कानी पडताच हक्कसोडपत्राचा स्टॅम्प पेपर कोणी आणला, तिची सही कोणत्या शपथा घालून घेतली, हेही विचारत नाही. ज्याला हेक्टरी दर नाही ते घडलेच नाही, असे धरून चालणे ही शास्त्राची मर्यादा म्हणून खपवली जाते. ती शुद्ध लबाडी आहे. सही दिलेली बहीण आणि सही नाकारलेली बहीण यांपैकी भाऊबीजेला माहेरी कोण आली, हे टोलनाक्यालाही सांगता येणार नाही, कारण जी येते ती जुन्या रस्त्याने, एसटीतून येते.