फर्म्यात अडकलेले साहित्य

यवतमाळने १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले असल्याने, जिल्ह्यातील लेखकाने प्रकाशकाची वाट न पाहता पदरमोड करून पुस्तक काढावे, यात नवल नाही. नवल इतकेच की, लिहिण्यात वर्षे घालवणारा हा लेखक पानांच्या मांडणीसाठी डीटीपीवाल्याला चारच दिवस देतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच सांकेतिक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत असतो, तर दुकानातला जुना फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणारा असतो. परिणामी रूपांतरात रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर चढतो, ऱ्हस्व वेलांटी घर बदलते आणि मुद्रितशोधन, म्हणजे छपाईपूर्वी चुका हुडकण्याचे काम, वाचकाच्या गळ्यात पडते. एकाच कागदावर छापून घडी घातलेल्या, बहुधा सोळा पानांच्या संचास फर्मा म्हणतात. कविता शेवटच्या फर्म्याच्या मध्यावरच आटोपल्या, तर उरलेली पाने मान्यवरांचे अभिप्राय आणि सत्काराची छायाचित्रे इमानेइतबारे भरून काढतात. शिवणीकडचा समास, म्हणजे बांधणीसाठी सोडायची कोरी जागा, काटकसरीत आखडल्याने ओळींची टोके पुस्तकाच्या पोटात गडप होतात, मलपृष्ठावरील लेखकाच्या छायाचित्राला मात्र ऐसपैस जागा लाभते. सबब, लेखकाने प्रकाशन समारंभातील एक हार कमी करून ती रक्कम मुद्रितशोधकास द्यावी आणि नमुना प्रत स्वतः उलगडून पाहिल्याखेरीज छपाईस होकार देऊ नये.