मागायला काय जातं?

आमच्या अण्णांना पैशाची गरज कधीच नसते. सवलतीची मात्र कायम असते. मूळचे बडोद्याच्या दांडिया बाजारातले, आता अलकापुरीत बंगला, वाघोडिया रोडला दोन गाळे, मांजलपूरचा फ्लॅट भाड्यानं. तरी कुठलीही स्कॉलरशिप निघाली की अण्णा फॉर्म घेऊन हजर. गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ६ लाखांची आहे, हे कळलं तेव्हा ते जनसेवा केंद्रातच कडाडले, "म्हणजे कमावलं हा गुन्हा झाला?"

कुणी हटकलं, तर थेट महाराजांना साक्षीला काढतात. "अहो, सयाजीरावांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला जायला महिना साडेअकरा पौंड दिले. स्कॉलरशिप बडोद्याच्या पाण्यातच आहे!" परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता, आणि त्यासाठी १९१७ मध्ये आलेल्या आंबेडकरांना याच गावात राहायला जागा मिळाली नाही, एवढा भाग अण्णांच्या कथेत नसतो.

यंदा चिरंजीवांना अमेरिकेला जायचंय. हार्वर्डनं २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन फी माफ केली, ही बातमी अण्णांनी सोसायटीभर फिरवली. "दीड कोटीच्या वर झाले! तिथल्या हिशेबानं आपण गरीबच." आता यात त्यांचं अगदीच चुकत नाही. तिथला खर्च ऐकून बंगलेवाल्यालाही घाम फुटतो, आणि खरी माहिती देऊन मदत मागण्यात लाज कसली? पण गोम पुढे आहे. परदेशी मुलानं मदत मागितली की बहुतेक कॉलेजं ते प्रवेश देतानाच मोजतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडीच मोजत नाहीत. मुलगा हे परोपरीनं सांगत होता. अण्णांचं एकच: "फॉर्म भरवामां शुं जाय?"

गेले ते आधी २५ डॉलर. 'सीएसएस प्रोफाइल' नावाच्या त्या फॉर्मची फी. ती माफ होते का, हे अण्णांनी दोनदा विचारलं.

मग आला घराच्या किमतीचा रकाना. मुलानं अडीच कोटी टाकले. अण्णा ताडकन उठले. "अडीच? शेजारच्या पटेलांचं तीनला गेलं, त्याला पोर्चसुद्धा नाही! साडेतीन लिही."

"अहो, मदत मागताय की मुलगी बघायला आलेत?" आतून वहिनी.

"म्हणून काय त्या अमेरिकनांसमोर झोपडीत राहतो म्हणून सांगू?"

साडेतीन झाले. गाळेही वाढले. शेवटी 'विशेष परिस्थिती' लिहायची जागा होती. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, असल्या अडचणी कळवायची. अण्णांनी चष्मा पुसला, मुलाला बाजूला सारलं आणि स्वतः टाईप केलं: आमच्या पणजोबांना गायकवाड सरकारकडून पालखीचा मान होता.