पिंपळगाव राजाची सागरी हद्द

आपलं गाव द्वीपराष्ट्र म्हणून जाहीर करावं, असा ठराव परवा पिंपळगाव राजाच्या पारावर मांडला गेला. समुद्र कुठाय, असं कोणीतरी विचारलंच. त्यावर मास्तरांनी बोलिव्हियाचा दाखला दिला. १८७९ साली पेटलेल्या युद्धात चिलीनं त्यांचा किनारा हिसकावला, तरी त्यांचं नौदल आजही टिटिकाका तळ्यात गस्त घालतं.

"मंग आपल्याले काहून नाही जमनार? खारं पानी तं लोनारात हायेच!"

लोणार घाटावर, आपण घाटाखाली. पण जिल्हा एकच. हिशेब सुरू झाला. १९८२ च्या सागरी कायदा करारानं किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर, देशाच्या मालकीचे केले. मासळी आणि तेलावरचा हक्क तर २०० मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. लोणारपासून मोजलं तर एका अंगाला नागपूर येतं, दुसऱ्या अंगाला पुणं. विदर्भाच्या अनुशेषाचा प्रश्न, वैधानिक विकास मंडळ वगैरे भानगड न करता, एका दुपारीत निकालात. पुणेकर हरकत घेतील, पण ते तशीही घेतातच.

हाव सुटायला तुवालू हे बेटराष्ट्र कारण झालं. जमीन २६ चौरस किलोमीटर, हक्काचा समुद्र सात लाख चौरस किलोमीटरांहून जास्त! एवढा सातबारा आपल्याकडे साखरसम्राटालाही जमला नाही.

मग मास्तरांनी त्याच कराराचं कलम १२१ वाचलं आणि पार गप्प झाला. ज्या खडकावर माणसाची वस्ती किंवा स्वतःचं अर्थकारण टिकू शकत नाही, त्याला २०० मैल मिळत नाहीत. दक्षिण चीन समुद्रातल्या इटू आबावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तरी २०१६ साली लवादानं त्याला खडकच ठरवलं. बाहेरच्या रसदीवर तिथं सरकारी माणसं राहतात, ती काही वस्ती नव्हे म्हणे.

"रसद म्हंजे टँकर का, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा पुसला. या न्यायानं मे महिन्यात मराठवाडा-विदर्भातली किती गावं खडक ठरतील, ते आम्ही मोजलं नाही. सरकार टँकर मोजतं, तेवढं पुरे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीलाच समुद्राची चव. इटू आबाला निदान गोडं पाणी तरी आहे.

धीर दिला तो २०२१ च्या जाहीरनाम्यानं. समुद्र चढून किनारा बुडाला तरी एकदा ठरलेली सागरी हद्द आटणार नाही, असं पॅसिफिकच्या बेटांनी मिळून सांगून टाकलं. लगेच उपसूचना आली: विहीर आटली तरी गाव वस्तीच धरावं, खडक नव्हे. टाळ्या पडल्या.

राहिला शेजारच्या गावाबरोबरचा समुद्र. १२ मैलांच्या हद्दीसाठी करार म्हणतो, आपसात जमलं नाही तर समोरासमोरच्या देशांनी समान अंतरावरची मध्यरेषा ओलांडू नये. हे ऐकताच एका बांधावरून कोर्टात असलेले दोघे सख्खे भाऊ एकदम उठले, आणि सभा तहकूब करावी लागली.