फाजील हवेचा मामला

डेन्व्हर, कोलोरॅडो

तीर्थरूप नानांच्या चरणी बालके श्रीधरचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या पत्रात नातीच्या अभ्यासाची चौकशी दीड ओळीत आणि आमच्या जीपच्या प्रकृतीची दीड पानात केलेली पाहून, एस.टी.च्या दापोडी कारखान्यातून निवृत्त होऊनही आपले चित्त अद्याप तेथेच वास्तव्यास आहे, असे येथे सर्वांनी एकमताने ठरवले. तेव्हा सविस्तर हकीकत सादर करतो.

१९९५ सालची ही जीप, तिचे सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचे चार लिटरचे पेट्रोल इंजिन, दोन्ही एरवी हुकमाचे ताबेदार. परंतु गेल्या थंडीपासून गाडी सिग्नलला उभी राहिली, की ॲक्सिलरेटरला पायाचा स्पर्शही नसताना रेस सातशेवरून पंधराशेवर चढे, तेथे क्षणभर घुटमळे, पुन्हा खाली येई. आणि शेजारच्या मोटारीतले गृहस्थ, आपणास शर्यतीचे आव्हान मिळत आहे अशा समजुतीने, आमच्याकडे रोखून पाहू लागत.

सल्ल्यांस तोटा नव्हता. एकाने थ्रॉटलचा सेन्सर बदलावयास सांगितला, दुसऱ्याने आयडलचा व्हॉल्व्ह, तिसऱ्याने पेट्रोलचा पंप, आणि एकाने तर जीपच. तथापि येथील गृहखाते व अर्थखाते ही दोन्ही आपल्या सूनबाईंच्या अखत्यारीत असल्याने, दोष शाबीत झाल्यावाचून एकाही नव्या भागाच्या खरेदीस मंजुरी मिळणार नाही, असे फर्मान सुटले. माझे प्रामाणिक मत असे, की या तपासातील सर्वांत उपयुक्त उपकरण ते फर्मानच होय. कारण खिसा भरलेला असला की माणूस भाग बदलतो, रिकामा असला की विचार करतो.

प्रथम संगणकाची जबानी घेतली. त्या काळच्या या गाडीला त्यासाठी यंत्र लागत नाही. इंजिन सुरू न करता किल्ली पाच सेकंदांच्या आत चालू-बंद, चालू-बंद, चालू अशी फिरवली, की समोरचा दिवा मिचकावून आकडे सांगतो. आमच्या दिव्याने १२ आणि ५५ हे आकडे दिले. पैकी १२ म्हणजे मध्यंतरी बॅटरीची तार काढली होती, आणि ५५ म्हणजे निवेदन समाप्त. आपल्या गहाळ अर्जाची चौकशी करावी आणि कारकुनाने ‘काल वीज गेली होती’ एवढे सांगून खिडकी लावून घ्यावी, त्यातलाच हा प्रकार.

मग थ्रॉटलच्या सेन्सरला मीटर लावला. थ्रॉटल उघडत नेला तसा व्होल्टचा आकडा एकच्या खालून चारच्या वर, कोठेही न अडखळता गेला. तो निर्दोष सुटला. आयडलचा व्हॉल्व्ह काजळीने माखला होता. धुऊन बसवल्यावर तक्रार किंचित सौम्य झाली, मिटली नाही. व्हॅक्यूम गेजचा काटा चौदाच्या मागेपुढे झुलू लागला, तेव्हा पुस्तकात निरोगी इंजिनास १७ ते २१ इंच दिले आहेत याचा आधार घेऊन एका सद्गृहस्थांनी रिंगा गेल्याचा निर्वाळा दिला. त्यावर आपल्या नातीने, चि. मुक्ताने, शांतपणे नजरेस आणले, की हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. उंचीच्या दर हजार फुटांस सुमारे एक इंच वजा होतो, आणि आपण ५,२८० फुटांवर राहतो. सद्गृहस्थ चहा न घेता गेले.

‘हवा ओढते का पाहा’ हे आपण लिहिले होते, ते शेवटी खरे ठरले, मात्र जागा निराळी. आपल्या डिझेल बसगाड्यांत हवा शिरे ती इंधनाच्या नळीत. येथे ती थ्रॉटल चुकवून थेट मॅनिफोल्डमध्ये शिरते. आत दाब वाढला म्हणून संगणक पेट्रोल वाढवतो, रेस चढते. पाय तर उचललेला, म्हणून तो पेट्रोल तोडतो, रेस कोसळते. ती बंद पडेल या धास्तीने तो पुन्हा पेट्रोल सोडतो, आणि हे रहाटगाडगे सिग्नल हिरवा होईतो चालते. गळती शोधण्यास ज्वालाग्राही फवारा मारण्याची येथे चाल आहे. पण या इंजिनाचे हवा घेणारे आणि धूर सोडणारे मॅनिफोल्ड एकाच अंगाला, एकमेकांस खेटून असल्याने तापल्या लोखंडावर तो प्रयोग करण्याचे धैर्य झाले नाही. इस्त्रीच्या वेळी पाणी शिंपडावयाची बाटली घेतली. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागल्या टोकाशी फवारा पडताच इंजिन दचकले. तेथवर माझा हात जाईना. मुक्ताचा गेला, आणि क्रँककेसच्या नळीचा रबरी कोपरा तिने बाहेर काढला, तो खालच्या अंगाने उभा चिरलेला. तीस वर्षे इंजिनाची धग सोसलेल्या रबराची ती अवस्था होणारच. त्यात कारखान्यास बोल नाही. नवा तुकडा येथल्या मसाला डोशाहून स्वस्त पडला. रेस आता सातशेवर स्थिर आहे.

वाचलेली रक्कम टायरांकडे वर्ग करून उन्हाळ्यात मॉस्किटो पासच्या १३,००० फुटांवरील वाटेने जाण्याचा माझा अर्ज अर्थखात्यात विचाराधीन आहे. मागल्या ॲक्सलखाली अलीकडे तेलाचे थेंब दिसतात, ही गोष्ट मात्र त्या खात्याच्या कानी अद्याप घातलेली नाही, सबब ती. आईस पत्र वाचून दाखवताना हा मजकूर कृपया गाळावा, कारण सासूसुनांचा फोन दर रविवारी असतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
श्रीधर