माया : एक नाव, अनेक उद्योग

माया हे मुलीचे नाव दोन अक्षरी, उच्चाराला सोपे आणि अर्थाच्या बाबतीत अत्यंत बेभरवशाचे आहे. बारसे कोणत्या धर्मात आणि कोणत्या देशात होते, त्यावर या नावातून प्रेम निघेल, फसवणूक निघेल की विरजण, हे ठरते.

सर्वांत जुना अर्थ ऋग्वेदातला. तिथे माया म्हणजे अद्भुत करणी. ती वरुणाकडे आहे, इंद्राकडे आहे आणि इंद्राच्या शत्रूंकडेही आहे. देवांनी वापरली तर तो पराक्रम आणि शत्रूंनी वापरली तर कपट, एवढाच काय तो फरक. पुढे अद्वैत वेदान्तात तिची बढती झाली आणि डोळ्यांना दिसणारे अवघे जगच तिच्या खात्यात गेले. ती आहे असे म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. या अवस्थेला वेदान्ती ‘अनिर्वचनीय’ म्हणतात. कचेरीत अडकलेल्या फायलीलाही ही संज्ञा तंतोतंत लागू पडते.

जैन तत्त्वज्ञानाने इतका घोळ घातलेला नाही. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत तिला थेट आरोपी म्हणून उभे केले आहे. तिथे माया म्हणजे कपट. बौद्ध परंपरेत मात्र ती वंदनीय आहे. सिद्धार्थाची आई महामाया. लुंबिनीत त्याला जन्म दिल्यावर सातव्या दिवशी ती वारली आणि महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले, असे परंपरा सांगते. आसक्ती सोडा असे जगाला सांगणाऱ्याच्या आईचे नाव माया असावे, हा योगायोग एखाद्या नाटककाराने भीत भीतच लिहिला असता. हिंदू परंपरेतल्या सात मोक्षपुरींत हरिद्वारचे नाव माया आहे आणि तिथे मायादेवीचे मंदिरही आहे. म्हणजे जिच्यातून सुटायचे, तिच्याच गावाचे तिकीट काढायचे.

मराठीत हे नाव तीन ठिकाणी कामाला आहे. आजी माया लावते. साहेब माया जमवतात; ही माया कायम दुसऱ्यानेच जमवलेली असते, कारण स्वतःजवळ असते तिला कष्टाची पुंजी म्हणतात. तिसरी माया शिंप्याची, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. माया सोडा, असे तत्त्वज्ञ सांगतो आणि शिंपी ती खरोखर सोडतो. दिवाळीच्या फराळानंतर झंपर उसवायची वेळ आली की यांपैकी कोणाचे सोडणे उपयोगी पडते, हे वेगळे सांगायला नको. शेजारच्या नेपाळीत माया म्हणजे सरळ प्रेम, त्यामुळे तिथली चित्रपटगीते हे नाव घेतल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाहीत.

संस्कृतशी काही नाते नसलेल्या मायाही पुष्कळ आहेत. ग्रीक पुराणातली माया ही ॲटलासची मुलगी आणि हर्मीसची आई. हर्मीसने जन्मल्या दिवशीच अपोलोच्या गाई पळवल्या. पुढे तो व्यापारी आणि चोर या दोघांचाही देव झाला, त्यामुळे भक्तांना वेगळी देवळे बांधावी लागली नाहीत. ही माया आकाशातल्या कृत्तिकांपैकी एक. आपल्याकडे याच कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजले. त्या तारकापुंजाला दोन्हीकडे लेकुरवाळेपण काही चुकलेले नाही. रोमन लोकांच्या याच नावाच्या देवीवरून मे महिन्याचे नाव पडले, असे सहसा मानले जाते.

इस्राएलमध्ये माया हे मुलींचे लोकप्रिय नाव आहे आणि त्याचा संबंध पाण्यासाठीच्या हिब्रू शब्दाशी जोडतात. तुर्कीत माया म्हणजे खमीर किंवा विरजण. मुल्ला नसरुद्दीनने अख्ख्या तळ्याला विरजण लावून दह्याची वाट पाहिली, त्या प्रसिद्ध गोष्टीत त्याने तळ्यात घातली ती मायाच. फिलिपिन्समध्ये माया म्हणजे चिमणीएवढा पक्षी. तो तिथला राष्ट्रीय पक्षी होता. 1995 साली ते पद गरुडाला देण्यात आले. गरुडासमोर चिमणीने अपील केल्याची नोंद नाही.

मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या माया लोकांनी शून्याची कल्पना स्वतंत्रपणे शोधली आणि कालगणना बारकाईने केली. त्यांच्या पंचांगातले एक मोठे चक्र संपत होते, एवढ्या आधारावर 21 डिसेंबर 2012 रोजी जग बुडेल असा बोभाटा इतरांनीच केला. जग बुडाले नाही. त्या लोकांचे वंशज आजही तिथे मका पिकवतात.

संस्कृत माया समुद्र ओलांडून इंडोनेशियातही गेली. तिथे इंटरनेटच्या आभासी जगाला ‘दुनिया माया’ म्हणतात, आणि ते समजायला मराठी माणसाला कोशाची गरज पडत नाही. जग ही माया आहे हे पटवण्यासाठी वेदान्त्यांना भाष्यांवर भाष्ये लिहावी लागली; इंडोनेशियात त्यासाठी रिचार्ज पुरतो.